गजाखालचं नाव

आठ नंबरच्या बसने करकचून ब्रेक मारला आणि पुढच्या बाकावरच्या माणसाने खांद्याशी धरलेलं लांबलचक गाठोडं मागे कलंडून रॉझलिन हॅडलीच्या मांडीवर येऊन पडलं.

गाठोडं कसलं, फुलाफुलांच्या जुन्या पडद्यात गुंडाळून सुतळीने बांधलेली काठीसारखी कसलीशी वस्तू. बाहेर बर्मिंगहॅमचा नेहमीचा पाऊस पडत होता, म्हणजे धड पडत नव्हता, नुसता हवेत लोंबकळत होता. पडद्याचं एक टोक भिजून घसरलं होतं आणि त्यातून पितळेची एक कड डोकावत होती.

"माफ करा हं," तो माणूस वळून म्हणाला. तिशीचा, लांब मानेचा, आणि ओशाळला की आधी कान लाल होणाऱ्यातला. ते झालेही. "लागलं नाही ना तुम्हाला?"

"नाही," रॉझ म्हणाली. पण तिची नजर त्या पितळेवरून हलेना. त्यावर एकाखाली एक आकडे ठोकलेले होते. तिने ते बोटाने चाचपलेसुद्धा. "हे... काय आहे?"

"दिवा."

"दिवा?"

"म्हणजे, अजून झालेला नाही. शनिवारपर्यंत होईल. कोपऱ्यात उभा करून ठेवतात ना, तसला. खालून दस्त्यात एक भोक पाडायचं, त्यातून वायर वर घ्यायची, नळीच्या तोंडाशी बल्ब, आणि वर पिवळी शेड. झकास दिसेल."

ती जुनी फौजी बंदूक होती. रॉझने गाठोडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

याचं कारण तिच्या घरात होतं. तिचे वडील, गॉर्डन हॅडली, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ठासणीच्या फौजी बंदुका जमवत. जमवत म्हणजे काय, इतर लोक देवळात जातात तसे ते गॅरेजमध्ये जात. एकवीस बंदुका आणि त्यांच्यावरचा प्रत्येक ठसा, प्रत्येक शिक्का, प्रत्येक आकडा त्यांना तोंडपाठ. आई लवकर गेली. तेव्हापासून बापलेकीच्या गप्पा म्हणजे हा ठसा कुणाचा आणि तो शिक्का कुठला. पुढे रॉझ नोकरीला लागली तीही चांदीच्या चमच्यांवर शुद्धतेची छाप मारणाऱ्या कचेरीत, भिंग डोळ्याला लावून. त्या घरात जुनी बंदूक घासून चकचकीत करणं हे पाप होतं. आणि तिला भोक पाडणं... त्याला नावच नव्हतं, कारण ते कुणी करेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"ही बंदूक तुम्ही, भोक पाडायच्या आधी," ती म्हणाली, "कुणाला दाखवलीत?"

"एका बाईंच्या मागच्या खोलीत मिळाली. चाळीस वर्षं पडद्याचा दांडा म्हणून लावलेली होती. बाई म्हणाल्या, पडद्यासकट घेऊन जा."

तिचा थांबा आला आणि गेला. त्याच्या थांब्यावर तीही उतरली. का उतरली हे तिला त्या वेळी नीट सांगता आलं असतं. बंदुकीसाठी. अगदी शपथेवर.

त्याचं नाव आल्विन पर्क्स. रेल्वेच्या कमानीखाली त्याची कार्यशाळा होती आणि वरून गाडी गेली की आतले सगळे दिवे थरथरत. ट्रॉम्बोनचा दिवा, दुधाच्या कॅनचा दिवा, आग विझवायच्या नळकांड्याचा दिवा, एका टेबलावर तर इस्त्रीचाही दिवा. रॉझने सगळीकडे नजर फिरवली आणि बंदूक पोटाशी धरून उभी राहिली.

"हिच्यावरचे ठसे वाचायला हवेत," ती म्हणाली. "तोवर हात लावायचा नाही. कुणी घडवली, कुणासाठी, कधी... सगळं लिहिलेलं असतं. फक्त वाचता यायला हवं."

"तुम्हाला येतं?"

"येतं."

"किती वेळ लागतो?"

खरं म्हणजे दहा मिनिटं लागतात. चहा समोर असेल तर बारा. रॉझने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हा त्याने तिचा ओला कोट काढून घेऊन, कुठे ठेवावा ते न सुचून, ट्रॉम्बोनच्या दिव्यावर टांगला. शेडमधून कोटाच्या बाहीत पिवळा उजेड भरला. तो एवढा खूश झाला की जणू दिवा आत्ताच पुरा झाला.

"ते... बंदुकीवर अवलंबून असतं," रॉझ म्हणाली. "शनिवारी येऊ का?"

पहिल्या शनिवारी तिने त्याला बंदुकीच्या घोड्याखालची लोखंडी पट्टी दाखवली. त्यावर मुकुट होता, १८५८ हे साल होतं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, टॉवर.

"मिस्टर टॉवरनी बनवली?" आल्विनने विचारलं.

रॉझने डोळे मिटले. याच एका प्रश्नापायी तीन वर्षांपूर्वी ट्रेव्हर नावाचा विमा कंपनीतला एक बरा मुलगा तिच्या आयुष्यातून कायमचा गेला होता. डॅड घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात एक पट्टी ठेवत आणि विचारत, काय दिसतं? ट्रेव्हर म्हणाला होता, हे टॉवरसाहेब मोठे कारागीर असणार. डॅडनी त्याला चहाचा दुसरा कप विचारला नाही. त्यानंतरचा नायजेल जरा हुशार निघाला, पण त्याने वाढदिवसाची भेट म्हणून डॅडची सर्वांत जुनी बंदूक तारेच्या घासणीने घासून आरशासारखी केली. डॅड दोन दिवस जेवले नव्हते.

"टॉवर हा माणूस नाही," ती सावकाश म्हणाली. "लंडनचा टॉवर. फौजेचा माल तिथे तपासून जायचा, म्हणून तो शब्द. मग इथल्या कारखान्यांनीही तो ठोकायला सुरुवात केली. नाव लंडनचं, घाम बर्मिंगहॅमचा."

"हे नेहमीचंच आहे आपलं," आल्विन म्हणाला. "पण मला जरा वाईट वाटलं हो. टॉवरसाहेब मला डोळ्यांसमोर दिसायला लागले होते. जाड मिशा, पोट सुटलेलं..."

रॉझला हसू आलं. ट्रेव्हरने हेच म्हटलं तेव्हा तिला रडू आलं होतं. हा फरक तिच्या लक्षात आला आणि तिने तो मनातल्या मनात बाजूला सरकवून ठेवला.

"आता पुढचं?" आल्विनने विचारलं.

"पुढचं पुढच्या शनिवारी. एका दिवशी जास्त वाचलं तर... चुका होतात."

"असं होय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला आणि तिच्यासाठी खारवलेल्या डुकराच्या मांसाचं गरम सँडविच आणायला बाहेर पळाला.

दुसऱ्या शनिवारी नळीवरचे ठसे. मुकुटाखाली दोन अक्षरं, म्हणजे नळीत दुप्पट दारू भरून ती फुटते का ते पाहिलेलं आहे. आणि दोन वेळा ठोकलेला आकडा, पंचवीस.

"पंचवीस कसले?"

"एक पौंड शिशाच्या पंचवीस गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत बसेल, एवढं हिचं तोंड मोठं."

"आणि दुप्पट दारू भरूनही फुटली नाही?"

"नाही."

"मग तुमच्या वडिलांशी माझी ओळख करून द्यायला हरकत नाही," आल्विन म्हणाला. "तुम्ही जे सांगता त्यावरून वाटतं, तिथेही असंच काहीतरी करून बघतात."

बोलण्याच्या ओघात ती त्याला ट्रेव्हर आणि नायजेलची गोष्ट सांगून बसली होती. डॅड जमवतात हेही सांगितलं होतं. काय शोधतात, ते मात्र नाही. तेव्हा ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्याच दिवशी केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी सुरुवात केली यावर दोघांचं अजून एकमत नाही.

तिसऱ्या शनिवारी मात्र घोटाळा झाला.

नळीच्या खाली लाकडात एक लांब खाच असते. तिच्यात लोखंडी गज बसतो, दारू आणि गोळी ठासायचा. चाळीस वर्षं पडद्याचा दांडा असल्यामुळे हा गज कुणी काढलाच नव्हता. रॉझने तेलाचे दोन थेंब सोडले, हळूहळू फिरवत तो ओढून काढला, आणि खाचेत टॉर्च मारला.

लाकडात कोरून ठोकलेली अक्षरं होती. अगदी कालची वाटावीत अशी स्वच्छ. जे. स्प्रोसन.

वरून गाडी गेली. सगळे दिवे थरथरले. रॉझही थरथरली, पण ते गाडीवर खपून गेलं.

जोसाया स्प्रोसन म्हणजे तिच्या डॅडच्या आईचे आजोबा. बंदुकीचे लाकडी दस्ते घडवणारा कारागीर. असे कारागीर आपलं नाव त्या खाचेत ठोकायचे, गज बसला की झाकून जाणार अशा जागी. जोसायाचे दस्ते जहाजांत भरून जगभर गेले आणि घरी एकही उरला नाही. डॅड चाळीस वर्षं तो ठसा शोधत होते. लग्नानंतर मधुचंद्राला गेले तेही, आई हसत सांगायची, एका शेतकऱ्याच्या माळ्यावर बंदूक आहे असं ऐकून. आंधळ्याने एक डोळा मागावा आणि मिळूच नये, असं त्यांचं चाललं होतं.

आणि तो ठसा इथे होता, तिच्या हातात, इस्त्रीच्या दिव्याच्या उजेडात.

"काही सापडलं?" आल्विन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या शर्टाला सोल्डरिंगचा आणि साबणाचा वास येत होता. "नाव आहे वाटतं. स्प्रोसन. कोण हा?"

आत्ता सांगायचं, रॉझने स्वतःला बजावलं. सांगितलं की काय होईल तेही तिला दिसलं. उद्या सकाळी नऊ वाजता डॅड हॅट घालून इथे उभे. बंदुकीच्या बदल्यात ते आल्विनला जावई काय, दत्तक मुलगासुद्धा करून घेतील. आणि आल्विनच्या डोक्यात पहिली गोष्ट येईल ती ही, की बसमध्ये ही पोरगी आपल्यामागे उतरली ती का, ते आता कळलं. ती खरोखरच बंदुकीसाठी उतरली होती, हीच तर पंचाईत. पण आता... आता ती आठवडाभर शनिवारची वाट बघत चमच्यांवर छापा उलट्या मारत होती, आणि त्यात बंदुकीचा काही संबंध नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली आणि गज परत आत सारला. "कुणीतरी सुतार असेल."

डॅडसमोरही ती मूग गिळून बसली. रविवारी जेवताना त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काय, काही दिसलं का कुठे? वाटाण्यांची वाटी पुढे सरकवत ती म्हणाली, नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी एका ठशाबद्दल खोटं बोलली, आणि घशात अडकलेला वाटाणा पुढे चार दिवस गेला नाही.

खोट्याचं असं असतं की पहिल्या दिवशी कबूल केलं तर ती चूक, आठवड्याने केलं तर लबाडी, आणि महिन्याने केलं तर त्याला कट म्हणतात. रॉझ रोज ठरवायची आणि रोज टाळायची. दरम्यान शनिवार येत होते आणि ती एकेक ठसा पुरवून पुरवून वाचत होती. चौथ्या शनिवारी तिने नुसते स्क्रू काढले.

"हे बघ, या स्क्रूच्या डोक्याखाली तीन खाचा. या पट्टीच्या आतही तीन. या कडीवरही तीन. तेव्हा प्रत्येक भाग हातानं कानशीनं घासून बसवायचे. मग भट्टीसाठी सगळं सुटं करायचं. पन्नास बंदुकांचे स्क्रू एकाच टोपलीत. मग कुठला कुणाचा? म्हणून खुणा."

"म्हणजे दुसऱ्या बंदुकीचा बसणारच नाही?"

"बसेल. पण कुठेतरी खटकत राहील."

आल्विनने स्क्रू तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. "माणसांवर अशा खुणा असत्या तर बरं झालं असतं."

"कशाला?"

"ट्रेव्हरचे पैसे वाचले असते. सारखी फुलं आणायचा म्हणालीस ना."

"आणि तुझं काय वाचलं असतं?"

"माझं कशाला वाचायला हवं?" तो म्हणाला, पण कान लालभडक झाले होते. "मला शनिवार परवडतात."

दिवा ज्याने सांगितला होता तो पबचा मालक मधे दोनदा येऊन ओरडून गेला. आल्विनने त्याच्या गळ्यात ट्रॉम्बोनचा दिवा मारला. सातव्या शनिवारी रॉझ पितळी पट्टीवरचा एकच आकडा तासभर वाचत होती. आकडा सत्तेचाळीस होता. आल्विन शेजारी बसून तोंडातून अवाक्षर न काढता ऐकत होता. आठव्या शनिवारी त्याने विचारलं, "आता किती उरलेत?" आणि ती म्हणाली, "बरेच," आणि दोघंही समाधानाने चहा प्यायले. तिने मनाशी पक्कं केलं, उद्या रविवारी जुन्या हत्यारांचा मेळा आहे, तो एकदा पार पडू दे, मग दोघांनाही सगळं सांगायचं. मेळ्यात डॅडचं टेबल असतं, तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं.

मेळा नगरपालिकेच्या हॉलमध्ये भरला होता. रॉझ डॅडसाठी चहा आणायला गेली आणि दोन कप घेऊन परतली तर समोर आल्विन. नवा टाय, पाणी लावून बसवलेले केस. तिला चकित करायला आला होता. तो डॅडच्या शेजारच्या टेबलापाशी उभा होता आणि टेबलामागचे म्हातारे मिस्टर बायदवे त्याला काहीतरी समजावत होते. डॅड पलीकडे कुणाशी तरी हुज्जत घालण्यात गर्क होते.

"एक बंदूक वाचायला?" मिस्टर बायदवे म्हणत होते. "दहा मिनिटं. फार तर फार पंधरा. तीही चष्मा विसरला असाल तर."

"दहा... मिनिटं?" आल्विन म्हणाला. "आठवडे नाही?"

"आठवडे? अहो, चर्चचं बांधकाम आहे का ते?"

आल्विनने वळून पाहिलं आणि त्याला रॉझ दिसली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पाहून तिच्या हातातले कप डगमगले. आठ शनिवार, दहा मिनिटांच्या कामाला... त्याला सगळं समजलं होतं आणि ते त्याला फार फार आवडलं होतं. जन्मभर आठवावा असा तो क्षण. तो बरोबर तेवढाच टिकला.

कारण मिस्टर बायदवे भले गृहस्थ होते आणि माहिती अर्धवट देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बर्मिंगहॅमची असेल तर गज काढून बघा मात्र," ते म्हणाले. "स्प्रोसन असं नाव निघालं तर हे शेजारचे हॅडली तुमच्या पाया पडतील. चाळीस वर्षं शोधतायत. हा बघा, फलकच लावलाय. आणि ही त्यांची मुलगी, रॉझ. अगं ये, चहा सांडतोय."

टेबलावर डॅडच्या वळणदार अक्षरातला पुठ्ठा उभा होता. जे. स्प्रोसन, खाचेतला ठसा. माहिती द्यावी, उपकार होतील.

आल्विनने तो पुठ्ठा वाचला. मग पुन्हा वाचला. आनंद उतरला तो आधी डोळ्यांतून, मग ओठांवरून. कान तेवढे तसेच लाल राहिले.

"कुणीतरी सुतार असेल," तो हळूच म्हणाला.

"आल्विन, ऐक ना... मी सांगणार होते..."

"कधी? ठसे संपल्यावर?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बसमधून माझ्यामागे उतरलीस तेव्हा मी घरी जाऊन मावशीला सांगितलं होतं, आज एका मुलीने माझ्यासाठी स्वतःचा थांबा चुकवला. मूर्ख आहे मी."

आणि तो गर्दीतून निघून गेला. रॉझ दोन कप घेऊन तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने डॅड आले, त्यातला एक घेतला आणि म्हणाले, गार झालाय.

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर पायरीवर कुणी नव्हतं. फुलाफुलांच्या पडद्यात गुंडाळलेलं गाठोडं भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि सुतळीत एक चिठ्ठी. 'मिस्टर हॅडली, तुमचं आहे ते तुम्ही घ्या. रॉझलिनला सांगा, आता शनिवारी यायची तसदी नको. ए. पर्क्स.'

डॅडनी जेवणाच्या टेबलावर पडदा सोडला, गज काढला, टॉर्च मारला. आणि खुर्चीत बसले. मग त्यांनी करंगळीने एकेक अक्षर चाचपलं. "जोसाया," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. तो पुसून होईना.

रॉझला एरवी त्यांना मिठी मारावीशी वाटली असती. तिने भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पिठाच्या डब्यावर बसून मनसोक्त रडून घेतलं.

"रॉझ," बाहेरून डॅडचा आवाज आला. "हा पर्क्स कोण? आणि शनिवारची काय भानगड आहे?"

तिने दार उघडून सगळं सांगितलं. बस, दिवा, टॉवरसाहेब, सँडविच, स्क्रू. डॅड ऐकत होते. दिव्याचं ऐकताना त्यांनी टेबलाची कड धरली.

"हा ठसा तू पहिल्यांदा कधी पाहिलास?"

"तिसऱ्या शनिवारी."

"आज नवव्या आठवड्याचा सोमवार." डॅड उठून उभे राहिले. "म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवस. माझ्यासमोर बसून जेवत होतीस. मी विचारलं, काही दिसलं का. तू वाटाणे पुढे केलेस."

"हो, डॅड."

"या घरात," डॅड म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, "या घरात आजवर कुणी ठसा लपवला नाही. तुझ्या आईनं मला रुग्णालयातून, शेवटच्या आठवड्यात, फोन करून सांगितलं होतं की नर्सच्या काकांकडे एक बंदूक आहे. आणि तू..." त्यांनी हॅट घातली. उलटी घातली, काढली, सुलटी घातली. "कुठे राहतो हा इसम?"

"तुम्ही काय करणार आहात?"

"त्याला दोन शब्द सुनावणार आहे. चल. आणि ती बंदूक घे."

बसमध्ये डॅड बंदूक दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते. रॉझ खिडकीतून बाहेर बघत होती. आता होतं नव्हतं तेही जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

आल्विन कमानीखाली एका केटलीला भोक पाडत होता. हॅडलींना पाहताच त्याने यंत्र बंद केलं आणि पुसायला फडकं शोधू लागला.

"पर्क्स तुम्हीच?"

"हो, सर."

"तुमच्यामुळे माझी मुलगी माझ्याशी पाच आठवडे खोटं बोलली. हे तुम्हाला माहीत आहे का?"

आल्विन फडकं शोधायचा थांबला. "तुमच्याशी?"

"मग काय शेजाऱ्यांशी? जोसाया स्प्रोसनचा ठसा तिनं डोळ्यांनी पाहिला आणि घरी येऊन मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी चाळीस वर्षं मरमर मरतोय, आणि ही माझ्यासमोर बसून वाटाणे वाढतेय. आणि कशासाठी? ज्याच्या घरात इस्त्रीला बल्ब लावतात अशा माणसासाठी."

"तिनं तुम्हाला... सांगितलंच नाही?" आल्विनने सावकाश विचारलं. "त्या दिवशी? किंवा त्यानंतर?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला? तिनं सांगितलं असतं तर ही बंदूक दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅरेजात असती. मी तुम्हाला दार उघडायच्या आधीच घेऊन गेलो असतो. तिला नुसतं तोंड उघडायचं होतं. ते तिनं उघडलं नाही. स्वतःच्या बापाच्या जिवाची तिला..."

हॅडली बोलता बोलता थांबले. आल्विन त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो रॉझकडे बघत होता आणि त्याचे कान असे रंगले होते की त्या उजेडात केटली फिकी वाटावी. हॅडलींनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि आपण मघापासून नेमकं काय सिद्ध करत सुटलो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी घसा खाकरला. "शिवाय, रागाच्या भरात दिलेली वस्तू मी ठेवून घेत नाही," ते जरा खालच्या पट्टीत म्हणाले. "डोकं शांत झालं की पुन्हा द्या. द्यायची असेल तर. मी बाहेर थांबतो."

ते बंदूक घेऊनच बाहेर गेले. बाहेर तोच लोंबकळता पाऊस होता. त्यांनी कोट काढून बंदुकीला गुंडाळला आणि स्वतः शर्टावर उभे राहिले.

आत, डोक्यावरून गाडी गेली. दिवे थरथरून शांत झाले.

"मी बंदुकीसाठीच उतरले होते बसमधून," रॉझ म्हणाली. "ते खोटं सांगणार नाही. पण पहिल्या शनिवारी मी घरी गेले आणि मला पट्टीवरचं साल आठवेना. टॉवरसाहेबांच्या मिशा आठवत होत्या. आणि तो ठसा दिसला तेव्हा... डॅडचं स्वप्न माझ्या हातात होतं आणि मला एकच विचार आला, की आता पुढचा शनिवार नसणार. म्हणून गज परत आत घातला. त्यांच्यापेक्षा तू जास्त... मी तुला निवडलं, आल्विन. वाईट वागले त्यांच्याशी. तुझ्याशीही. पण मी तुझ्यासाठी येत होते. मला तू आवडतोस, अगदी नको तेवढा."

आल्विन पुढे आला. हात तेलकट होते म्हणून त्याने ते आधी पाठीमागे लपवले, मग विचार बदलला. रॉझच्या नव्या कोटावर दहाही बोटं उमटली आणि तिने ती उमटू दिली.

"मीही एक सांगू?" तो तिच्या केसांत म्हणाला. "दुसऱ्या शनिवारच्या आधीच मी वाचनालयातून ठशांचं पुस्तक आणलं होतं. पंचवीसचा अर्थ मला आधीच माहीत होता."

"मग विचारलंस कशाला?"

"तू सांगताना भुवया वर करतेस, ते बघायला. दहा मिनिटांचं काम आहे हे मात्र त्यात कुठं लिहिलं नव्हतं, नाहीतर मी केव्हाच मागणी घातली असती."

रॉझ हसली आणि तिचं हसू मधेच रडण्यात गेलं. तिने डोळे पुसून दाराकडे पाहिलं. "डॅड भिजतायत. त्यांना आत बोलावू या."

"बोलावू," आल्विन म्हणाला. पण त्याने तिला सोडलं नाही. "आधी ते मघाचं 'नको तेवढा'वालं वाक्य पुन्हा एकदा म्हण."

ती म्हणाली.